आधी हात, मग चहा

गॅनेट्स क्रीक गावात नोलीन पॅस्कोकडे चहा प्यायचा, तर आधी दोन्ही हात टेबलावर ठेवावे लागतात. तळवे वर, मग तळवे खाली, मग बाह्या कोपरापर्यंत. पोस्टमनला यातून सूट नाही, पाद्रीबाबांना नाही आणि तिच्या सख्ख्या भावाला तर मुळीच नाही. हात बघून झाले की मगच किटली चढते. नवख्या माणसाला वाटतं, बाई भविष्य सांगते की काय. जुन्यांना ठाऊक असतं की ती ओरखडे शोधते आहे.

नोलीन ही आमच्या पठारावरची वाघूळवाली. शाळेची बस चालवून तिचं आयुष्य गेलं, आणि पोरांना ओरडून ओरडून आवाजाला जी धार आली ती बसची नोकरी सुटली तरी गेली नाही. तिच्या कपडे धुवायच्या खोलीत दोऱ्यांवर कपडे कमी आणि वटवाघळं जास्त लटकलेली असतात. मोठी, फळं खाणारी, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पिवळट लव असलेली. गोचिडीच्या दिवसांत तिच्या विषाने आया मरून पडतात आणि पिल्लं त्यांच्या पोटाला चिकटून राहतात. ती पिल्लं उचलायची, दूध पाजायचं, पंख शिवून आणायचे आणि बरी झाली की रानात सोडून द्यायची, हा तिचा संसार. नवरा ट्रेव्हर होता तोवर म्हणायचा, "मी मेल्यावर मलाही उलटं टांग, म्हणजे तरी लक्ष देशील." तो गेल्यावर ती हा विनोद येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

हात बघण्याचं कारण लिसा. इथली माणसं त्या रोगाला नुसतं लिसा म्हणतात, एखाद्या गोड पोरीचं नाव असावं तसं. पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगाची ती सख्खी बहीण. फार थोड्या वाघळांत असते, पण ज्यात असते त्याच्या दाताने किंवा नखाने ती माणसात उतरते. अंगात उठायच्या आधी सुया टोचल्या तर माणूस वाचतो. एकदा उठली की डॉक्टरांच्या हातात उशाशी बसण्यापलीकडे काही उरत नाही. म्हणून नियम असा की ज्याने आधीपासून टोचून घेतलेलं नाही त्याने वटवाघळाला शिवायचं नाही. शिवला आणि ओरखडा उठला, तर माणसाला सुया आणि वाघळाला मरण, कारण तपासायचं असतं ते त्याचं डोकं.

हे लोकांच्या मनावर ठसावं म्हणून नोलीनने फाटकावर स्वतःच्या हाताने पाटी रंगवली होती. "हात लावलात, तर तुम्हीच मारलंत." शाळेत, चर्चच्या सभागृहात, जिथे बोलवतील तिथे ती हेच वाक्य म्हणायची. वाक्य तिचं स्वतःचं होतं आणि तिला त्याचा मोठा अभिमान होता.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी त्याच पाटीखाली केळ्यांचं एक खोकं ठेवलेलं होतं.

नोलीनने जाड हातमोजे चढवले आणि झाकण उघडलं. आत फडक्यात गुंडाळलेली एक मादी होती. एका पंखात काटेरी तारेचा तुकडा रुतलेला, दोन्ही टोकं एका घावात तोडलेली. शेजारी पिकल्या पपईची फोड, बिया काढून ठेवलेली. आणलं त्याने मायेने आणलं होतं. फक्त आणणारा जागेवर नव्हता, आणि त्याचे हात कोणी पाहिले नव्हते.

"अरे देवा," नोलीन रस्त्याकडे बघून ओरडली, "पळालात कशाला? चहा दिला असता ना!"

ती मादीला घेऊन ब्रॉनकडे गेली. ब्रॉन गावातली जनावरांची डॉक्टर, वयाने नोलीनच्या लेकीएवढी आणि बोलण्यात तिच्याहून फटकळ. दोघींनी तार काढली, पंख धुतला. दुपारपर्यंत मादी पिंजऱ्यात बरी लटकली होती. मग तिचा एक पाय सुटला. तिने पुन्हा धरायचा प्रयत्न केला, पण पायात जीवच नव्हता. ती खाली पडली आणि पडल्या पडल्या समोरच्या हवेला चावू लागली. आवाज घोगरा, फाटलेला. नोलीनने उभ्या आयुष्यात शेकडो वाघळं चिडलेली पाहिली होती. हे चिडणं नव्हतं.

"तारेत लटकून मणक्याला मार बसला असेल," ब्रॉन म्हणाली.

"असेल."

"तुला तसं वाटतंय?"

"नाही," नोलीन म्हणाली. "तुला?"

ब्रॉनने भुलीच्या नळीकडे हात नेला. नोलीनने मादीला टॉवेलात धरलं. ती शांत होईपर्यंत नोलीन तिच्याशी बोलत होती, बसमधल्या रडक्या पोराशी बोलावं तसं. मग बाहेर जाऊन पायरीवर बसून ती रडली. प्रत्येक वेळी रडते. सवय होईल असं लोक म्हणायचे, ती झाली नाही आणि होऊ नये असंच तिला वाटतं.

"डोकं ब्रिस्बेनच्या प्रयोगशाळेत पाठवते," ब्रॉन दारात येऊन म्हणाली. "निकाल येईपर्यंत थांबायचं?"

"थांबायचं कशाला? ज्याने ते खोकं आणलं त्याला आजच शोधायला हवं."

पण शोधायचं कुठे? केळ्यांची खोकी पठारावर घरोघरी. नोलीनने गावच्या रेडिओवर निरोप दिला. गावाच्या फेसबुकच्या पानावर लिहिलं. बेकरी, पेट्रोल पंप, मद्यालय, सगळीकडे विचारलं. संध्याकाळ झाली, कोणी पुढे आलं नाही. तिचा जीव टांगणीला लागला होता. कुठेतरी कोणीतरी हाताला मलम लावून जेवायला बसलं असेल, उद्या विसरून जाईल, आणि पुढच्या महिन्यात नाहीतर पुढच्या वर्षी त्याला पाणी गिळवेनासं होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानवाली ग्लेनिस पाव गुंडाळताना तिला म्हणाली, "नोलीन, राग मानू नकोस, पण येणार कोण तुझ्याकडे?"

"का? मी काय खाते कोणाला?"

"तुझ्या फाटकावर काय लिहिलंय? हात लावलात तर तुम्हीच मारलंत. ज्याने त्या जिवाला वाचवायला हात घातला, तो कशाला येऊन सांगेल? त्याला वाटत असेल, आपण गप्प राहिलो तर ते जगेल."

नोलीन पाव काउंटरवरच विसरून घरी आली.

घरी ते फडकं बादलीत औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवलेलं होतं. दुसरं काही सुचेना म्हणून तिने हातमोजे घालून ते पिळलं आणि दोरीवर टाकलं. ऊन त्यातून आरपार आलं तेव्हा तिला कड दिसली. जुनं, विटलेलं फडकं, पण चारी कडा दुमडून लाल दोऱ्याने टीप घातलेली. पुसायच्या फडक्याला अशी टीप घालणारी बाई अख्ख्या पठारावर एकच होती. दर वर्षी तेलात मुरवलेल्या वांग्यांची जी बरणी नोलीनकडे यायची, तिच्या तोंडावरच्या कापडालाही हीच टीप असायची.

"असुंता," नोलीन मोठ्याने म्हणाली आणि पायात बूट चढवू लागली.

असुंता झानेट्टीचं घर कुंपणापलीकडे. कुंपण म्हणजे नोलीनच्या डोळ्यातलं कुसळ, आणि ते घातलेलं असुंताच्या नवऱ्याने. रिनो झानेट्टी लिची पिकवायचा आणि वटवाघळांना शिव्या घालायचा, दोन्ही सारख्याच मेहनतीने. कुंपणाची वरची तार काटेरी. वाघळं रात्री कमी उंचीवरून उडतात आणि त्यात अडकतात. ती एक तार काढ, साधी लाव, म्हणून नोलीनने त्याला विनवलं होतं, धमकावलं होतं, एकदा नाताळात केक नेऊन दिला होता. रिनोने केक खाल्ला आणि तार तिथेच ठेवली.

ती पोचली तेव्हा तो ट्रॅक्टरवर होता.

"आली बघा वाघळांची सासू!" तो ओरडला. "काल तुझ्या सुनांनी माझं अर्धं झाड साफ केलं!"

"मग जाळी लाव नीट. असुंता कुठंय?"

"स्वयंपाकघरात. का? काय काम आहे?"

"बायकांचं काम आहे. तू आपला ट्रॅक्टर हाक."

असुंता ओट्याशी टोमॅटो सोलत होती. नोलीनला बघून हसली, आणि हसता हसता तिने बाही खाली ओढली. नोव्हेंबर म्हणजे इथला उन्हाळा, आणि त्या उकाड्यात अंगात लांब बाह्यांचा स्वेटर होता.

नोलीन टेबलाशी बसली. "असुंता, चहा नको मला. हात दाखव."

"इथे? माझ्या घरात?"

"तुझ्या घरात."

"टोमॅटोने भरलेत गं."

"मग धू आणि दाखव."

असुंता हलेना. तिची नजर खिडकीतून ट्रॅक्टरवर गेली आणि परत आली. "रिनोला कळू द्यायचं नाही," ती हळूच म्हणाली. "आधी शपथ घे."

"शपथ कसली घेऊ? तू हात दाखव आधी!"

बाही वर गेली. मनगटाच्या आतल्या बाजूला नखाचा लांब ओरखडा होता, कडेने लालसर. असुंता भराभर बोलू लागली. पहाटे कोंबड्या सोडायला गेले तर ती तारेला लोंबत होती. माझ्याकडेच बघत होती. कोंबड्या धरतच आले ना मी जन्मभर, तशीच धरली. तुझं भाषण ऐकलं होतं चर्चमध्ये. म्हणून सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू तिला मारलं असतंस.

नोलीनने असुंताला दंडाला धरून नळाखाली नेलं आणि साबण लावून तो हात धूत राहिली, धूतच राहिली. पाणी ओट्यावरून खाली सांडलं, तरी सोडलं नाही.

"किती धुशील गं?" असुंता वैतागली. "बारीकसा ओरखडा आहे. काल तेलही लावलंय त्याला."

"ती मादी आजारी होती, असुंता. लिसा असावी. आत्ता दवाखान्यात जायचंय. सुया घ्यायच्यात. आज घेतल्या तर काही होत नाही. नाही घेतल्या तर..." नोलीनने नळ बंद केला. "नाही घेतल्या तर मी काय करू?"

"कसल्या सुया?" दारात रिनो उभा होता. पायातले बूट चिखलाचे, आणि असुंता त्याबद्दल ओरडली नाही, एवढ्यावरूनच त्याला कळलं की काहीतरी भयंकर आहे.

नोलीनने शपथ घेतली नव्हती. तिने सगळं सांगितलं.

रिनोचा चेहरा उतरला. तो नोलीनवर ओरडला, वाघळांवर ओरडला, असुंताच्या कोंबड्यांवर ओरडला, आणि ओरडत ओरडतच त्याने गाडी काढली. वाटेत त्याने एकदाही वेग कमी केला नाही. वळणावर नोलीन म्हणाली, "लिसाने नाही मेलो तर तुझ्या हाताने मरू." एरवी तो उलट बोलला असता. आज त्याने पाय आणखी दाबला.

दवाखान्यात असुंताला ताबडतोब आत घेतलं. एक सुई जखमेच्या कडेकडेने, एक दंडात, आणि बाकीच्या कधी घ्यायच्या ते समजावून सांगितलं. असुंताने हूं की चूं केलं नाही. नर्स पट्टी बांधत असताना मात्र ती नोलीनकडे वळली.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार. वाचशील तू, वेळेवर आलोय आपण."

"ते नाही गं. ती... मी हात लावला म्हणून मेली का?"

नोलीनला वाटलं, कोणीतरी थोबाडीत मारली असती तरी बरं झालं असतं. ही बाई मरणाच्या दारातून परत येत होती आणि तिला टोचत होती ती पाटीवरची ओळ. "नाही," नोलीन म्हणाली. "ती आधीच आजारी होती. तुझ्या हाताने तिला काही झालं नाही. उलट तारेवर तडफडत मेली असती, ती टॉवेलात शांत गेली. ते वाक्य माझं होतं आणि ते चुकीचं होतं. मीच गाढव."

"गाढव तर तू आहेसच," असुंता म्हणाली आणि डोळे पुसले.

नर्स कागद भरत होती. "तारेतून सोडवलंत कसं? दुसऱ्या कोणाला लागलं का?"

"कोणाला नाही. मी एकटीच होते. तार कापली आणि खोक्यात घातलं."

नर्सने लिहून घेतलं. नोलीनची नजर असुंताच्या मांडीवरच्या हातांवर गेली. संधिवाताने बोटं बाजूला वळलेली, सांधे सुपारीएवढे सुजलेले. वांग्यांची बरणी घेऊन यायची तेव्हा तिचं झाकणही नोलीनलाच फिरवून उघडावं लागायचं. आणि कुंपणाची ती तार होती ताणलेल्या पोलादाची. दोन्ही टोकं एका घावात तोडलेली.

"असुंता," नोलीन हळूच म्हणाली, "तार कोणी कापली?"

असुंताने हात पदराआड लपवावेत तसे स्वेटरमध्ये ओढून घेतले.

नोलीनने बाहेर पाहिलं. मघापासून बाहेर येरझाऱ्या घालणारा रिनो तिथे नव्हता. काचेच्या दारापलीकडे तो गाडीकडे चालला होता, लांब लांब पावलं टाकत.

नोलीन धावली. या वयात, त्या गुडघ्यांनी ती कशी धावली ते तिचं तिलाच माहीत. रिनोने गाडी चालू केली होती. ती सरळ गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात बॉनेटवर ठेवले.

"बाजूला हो!" रिनो आतून ओरडला. "पाण्याचा पंप चालू राहिलाय!"

"हात दाखव, रिनो."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"दाखव."

"माझे हात आयुष्यभर फाटलेलेच आहेत! कुंपणाचे ओरखडे आहेत. त्यात काय बघणार आहेस?"

"सगळे कुंपणाचे?"

गाडी धडधडत राहिली. रिनोने तिच्याकडे पाहिलं, मग काचेच्या दाराकडे. दारात असुंता उभी होती, मनगटाला पट्टी, आणि रडत होती. त्याने किल्ली फिरवून गाडी बंद केली आणि खिडकीतून उजवा हात बाहेर काढला.

अंगठ्याच्या मुळाशी दाताच्या दोन खुणा होत्या, एकमेकींच्या शेजारी, सुजून निळ्या पडलेल्या.

"चावली मेली," तो म्हणाला. "असुंताने धरली होती, मी तार तोडत होतो. तिला नख लागलं ते मला आजच कळलं. चावली तरी सोडली नाही मी. सोडली असती तर पंख फाटला असता."

"आणि सांगितलं का नाहीस? बायको आत सुया घेत होती तेव्हा तरी?"

"काय सांगू?" रिनोचा आवाज फुटला. "इतकी वर्षं तू ती तार काढ म्हणतेस. इतकी वर्षं मी तुला हसतोय. ती माझ्या तारेला लटकली होती, नोलीन. माझ्या. आणि मीच तिला सोडवलं हे तुला कळलं असतं, तर तू मला जन्मभर ऐकवलं असतंस."

"म्हणून मरणार होतास? मला ऐकवायला मिळू नये म्हणून?"

रिनोने थोडा विचार केला. "तसंच काहीसं," तो म्हणाला.

नोलीनला हसू आलं आणि रडूही आलं, आणि कुठलं आधी बाहेर पडलं ते सांगणं कठीण. तिने गाडीचं दार उघडलं, त्याचा तो चावलेला हात मनगटाला धरला आणि शाळेत उशिरा आलेल्या पोराला न्यावं तसं त्याला आत नेलं. नर्सने त्याच्या अंगठ्यात सुई घातली तेव्हा तो इतका जोरात ओरडला की असुंताला हसू फुटलं.

ब्रिस्बेनहून निकाल आल्याचा ब्रॉनचा फोन आला तो त्यानंतर. लिसाच होती. नोलीनने फोन ठेवला. मग ती रंगाचा डबा घेऊन फाटकाशी गेली आणि पाटीवरची ओळ पांढऱ्या रंगाने पुसून टाकली. रंग वाळल्यावर नवी ओळ लिहिली: "हात लावू नका. लावलाच असेल तर लगेच या. कोणी रागावणार नाही." तिसरं वाक्य लिहिताना तिने जरा वेळ घेतला, कारण ते पाळणं तिला जड जाणार होतं.

रिनो आणि असुंता सगळ्या सुया पूर्ण करून आले त्या आठवड्यात एका सकाळी कुंपणाकडून टणत्कार ऐकू आला. नोलीन व्हरांड्यात आली. रिनो शिडीवर चढून वरची काटेरी तार तोडत होता. तोडलेली तार वेटोळी होऊन गवतात पडत होती. मागे असुंता साध्या तारेचं बंडल घेऊन उभी.

नोलीन बघत राहिली. बोलावं असं खूप काही तिच्या जिभेवर आलं, आणि पाटी आठवून तिने ते सगळं गिळलं.

रिनोला ती दिसली. त्याने पक्कड काखेत धरली आणि तिथूनच दोन्ही हात उंच केले, हातमोजे घातलेले. आधी तळवे पुढे, मग उलटे. मग बाह्या कोपरापर्यंत.

"काय बघतेस?" तो ओरडला. "चहा टाक!"